हेड किती ओढतं आणि किती आवरतं

दसरा-दिवाळी उलटली की घाटनांदूरच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात, ते थेट ऊन तापेपर्यंत. एका अंगाला अंबाजोगाई आणि आंबासाखरचा कारखाना, दुसऱ्या अंगाला परळीजवळ पांगरीचा वैद्यनाथ कारखाना, पुढं किनगाव-अहमदपूरची वाट. शिवाय याच मुलखातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोयते, भांडीकुंडी आणि लेकरंबाळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, त्याही बहुतेक ट्रॅक्टरच्या मागं जोडलेल्या ट्रॉल्यांमधूनच. त्यामुळं एका हेडमागं, म्हणजे ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं, किती वजन जोडावं, हा प्रश्न इथं घरादाराचा आहे.

हा प्रश्न विचारला की उत्तर एकाच पद्धतीनं मिळतं: ‘आमचं हेड वीस टन काढतं’, ‘पंचवीस टनाला दम खात नाही’. सगळी उत्तरं चढाच्या अनुभवातून आलेली असतात. चढ चढला म्हणजे वजन झेपलं, असा हिशेब. माझं म्हणणं असं की हा हिशेब उलट्या बाजूनं मांडला जातो. ट्रॅक्टर जेवढं ओढू शकतो त्याच्या निम्मंही तो आवरू शकत नाही. सुरक्षित वजन ठरतं ते उतारावर, ब्रेकनं. आणि ते ठरवायला लागणारा आकडा, म्हणजे गाडीचं खरं वजन, प्रत्येक खेपेला काट्यावर मोजला जातो, कागदावर छापलाही जातो.

आधी ओढण्याचं पाहू. हॉर्सपॉवर म्हणजे ओढण्याची ताकद, असा सर्वसाधारण समज आहे. पण हॉर्सपॉवर सांगते, काम किती वेगानं होईल ते. ओढ किती मिळेल हे ठरतं गिअरवर, आणि ती रस्त्यावर उतरेल की नाही हे ठरतं मागच्या चाकांवर असलेल्या वजनावर. हूक-ओढ मोजण्याची शास्त्रीय व्यवस्था शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यानं १९१९ मध्ये कायदाच केला की चाचणी झाल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. कंपन्या वाट्टेल ते आकडे सांगत आणि शेतकरी बुडत, म्हणून. आपल्याकडं हे काम मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत होतं. तिथल्या अहवालात प्रत्येक गिअरमध्ये हुकावर किती किलोची ओढ मिळते, चाकं किती घसरतात, हे सगळं असतं. ट्रॅक्टर घेणाऱ्यानं शोरूमच्या माहितीपत्रकाआधी हा अहवाल पाहावा. ब्रेकची चाचणीही तिथं होते, पण ती एकट्या ट्रॅक्टरची.

आता एक साधं गणित मांडू. ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, वजन २.२ टन. मागं दोन ट्रॉल्या, रिकाम्या १.८ टनाच्या. प्रत्येकीत ८ टन ऊस. सगळी वरात झाली २२ टनांच्या आत-बाहेर. हंगामात याहून जास्त भरलेल्या गाड्या रोज दिसतात, त्यामुळं हा आकडा फुगवलेला नाही.

सपाट डांबरी रस्त्यावर चाकं फिरवायलाच वजनाच्या अडीच टक्के ओढ लागते, असं धरलं तर साडेपाचशे किलो. इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचेतो थोडी गळते, ते वजा जाता एवढी ओढ ताशी वीस किलोमीटरच्या आसपास मिळते. म्हणजे सपाटीला हेड आरामात जातं. आता वीसास एक असा चढ घ्या, म्हणजे वीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत डोंगरी रस्त्यासाठी हाच नेहमीचा चढ धरला आहे. तिथं वजनाच्या पाच टक्के ओढ जास्तीची लागते, म्हणजे अकराशे किलो. एकूण झाले साडेसोळाशे. एवढी ओढ देताना हेड ताशी सात किलोमीटरवर येतं, माणसाच्या भरभर चालीवर. भरलेली डबल ट्रॉली चढाला ज्या चालीनं जाते ती हीच, आणि ड्रायव्हर म्हणतो ते खरं ठरतं: हेडनं काढलं.

पण या चढावर पुढच्या चाकांचं काय झालं ते बघा. ट्रॅक्टर सपाटीवर उभा असतो तेव्हा त्याच्या वजनाचा एक तृतीयांश भाग, म्हणजे साधारण साडेसातशे किलो, पुढच्या चाकांवर असतो. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर धरलं, तर साडेसोळाशे किलोची ओढ पुढचे चारशे किलो उचलून मागं टाकते. ट्रॉली दोन चाकांची असेल तर तिची दांडी हुकावर दाबते आणि आणखी दोन-अडीचशे किलो पुढून कमी होतात. उरले शंभर-सव्वाशे किलो. स्टेअरिंग फिरवलं तरी हेड सरळच जातं, ते यामुळं. पुढं वजनाचे डाग लावून काही सावरता येतं. हूक वरच्या भोकात अडकवला, किंवा क्लच झटक्यानं सोडला, तर मात्र पुढची चाकं हवेत जातात आणि हेड ड्रायव्हरच्या अंगावर मागं पलटी होतं. हे व्हायला दीड सेकंद पुरतो. उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही. ओढण्याची जागा मागच्या ॲक्सलच्या खालीच हवी, हा नियम जगभरच्या ट्रॅक्टर पुस्तिकांत ठळक छापलेला असतो तो याच कारणानं.

चढ संपला. आता खरी परीक्षा.

आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. म्हणजे बावीस टनांचा डोलारा थांबवायचा तो दोन टायरांच्या जमिनीवरच्या पकडीनं. मागच्या चाकांवर, ट्रॉलीच्या दांडीचा दाब धरून, दोन टन वजन आहे असं मानू. कोरड्या डांबरावर पकड साठ टक्के धरली तर ब्रेकचा जोर झाला बाराशे किलो. ब्रेकपॅड नवे असोत, ऑइलमधले असोत, कोणत्याही कंपनीचे असोत, यापेक्षा जास्त जोर मिळणार नाही. त्यापुढं चाक अडकतं आणि रबर घासत जातं.

एकटं हेड ताशी पंचवीस किलोमीटरवरून सात-आठ मीटरमध्ये थांबतं. सगळी वरात बावीस टनांची असेल तर सपाट रस्त्यावर, चाकांचा स्वतःचा अटकाव मदतीला धरूनही, तीस मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे सात मीटर वेगळे. वीसास एकच्या उतारावर हेच अंतर ऐंशी मीटरच्या पुढं जातं. उतार पंधरास एक झाला की जवळजवळ एकशे नव्वद मीटर. बारास एकच्या उतारावर ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही, वेग वाढतच जातो. हे सगळं कोरड्या रस्त्याचं. पाऊस पडून गेला असेल, उसाचं पाचट आणि माती रस्त्यावर पडली असेल, किंवा खडी सुटी असेल, तर पकड निम्म्यावर येते आणि वीसास एकच्या उतारावरही जवळजवळ तीच गत होते. बालाघाटाच्या पठारावर आणि कडेच्या घाटांत असे उतार शोधावे लागत नाहीत.

थांबत नाही एवढंच नाही, तर मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला आणि ती हेडला ढकलते. हेड जरा तिरकं असेल, वळणावर असेल, तर हा रेटा त्याला आडवं फिरवतो. हेड आणि ट्रॉली कात्रीसारखी मिटतात आणि ड्रायव्हर मध्ये सापडतो. ट्रॅक्टरच्या ब्रेकचं आणखी एक वैशिष्ट्य यात भर घालतं. शेतात कोपऱ्यावर वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, दोन पायडल. रस्त्यावर आल्यावर ते दोन्ही पायडल जोडणारी खिट्टी लावायची असते. शेतातून भरून निघालेला ट्रॅक्टर थेट डांबरावर येतो आणि खिट्टी तशीच सुटी राहते. मग घाईत एकाच पायडलवर पाय पडला की एकच चाक अडतं आणि सगळी वरात एका अंगाला फिरते. खिट्टी लावायला पैसा लागत नाही. भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न मी हाच विचारेन.

दुसरा प्रश्न गिअरचा. उताराला डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय फार पसरलेली आहे. न्यूट्रल केलं की इंजिनचा अटकाव संपला, उरले ते फक्त ते दोन टायर. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतार उतरायचा, ही जुन्या ट्रक ड्रायव्हरांची शिस्त. गिअरमध्ये उतरताना वेग मुळातच ताशी आठ-दहा किलोमीटर राहतो. पंचवीसऐवजी दहावर थांबायचं असेल तर अंतर सहापटीनं कमी लागतं, कारण अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. न्यूट्रलनं बचत होते ती खेपेमागं थोड्याशा डिझेलची.

मग सुरक्षित आकडा कोणता? शेती-अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेचं एक मानक आहे, आणि ते मोठ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकांतही येतं. मागच्या ट्रॉलीला ब्रेक नसतील तर भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नको आणि वेग ताशी बत्तीस किलोमीटरच्या आत. ट्रॉलीला ब्रेक असतील तर साडेचारपट आणि ताशी चाळीस. आपल्या २.२ टनी हेडला हे लावून पाहा. बिनब्रेकची ट्रॉली असेल तर ट्रॉली आणि माल मिळून ३.३ टन. ब्रेक असतील तर ९.९ टन. आणि आपण जोडतो वीस टन, बिनब्रेकचे. म्हणजे मान्य मर्यादेच्या सहापट. वेग आपल्याकडं कमी असतो हे खरं, आणि त्यानं काही फरक पडतोही. सहापटीची भरपाई मात्र त्यानं होत नाही, उतारावर तर मुळीच नाही.

इतर देशांनी हा प्रश्न सोडवला तो वजन कमी करून नव्हे, ब्रेक वाढवून. ब्रिटनमध्ये २०१५ पासून ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून ३१ टनांपर्यंत परवानगी आहे, एकट्या ट्रेलरला सव्वाअठरा टनांच्या आसपास. आपल्या उसाच्या गाडीपेक्षाही ते जास्तच झालं. पण तिथं हेड मोठं असतं आणि ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, ड्रायव्हरच्या पायाखालून चालणारे. युरोपात मोटारीमागच्या छोट्या ट्रेलरचंही तसंच: ७५० किलोच्या वर गेला की ट्रेलरला ब्रेक सक्तीचे.

यासाठी युरोपकडं तरी कशाला पाहायचं, परळी–विकाराबाद मार्गावरचं घाटनांदूरचं स्टेशन गावातच आहे. तिथून जाणाऱ्या मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीला ब्रेक असतात, आणि ते हवेच्या एकाच नळीनं इंजिनाला जोडलेले असतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. नंतर त्यानं त्यात अशी सुधारणा केली की नळी तुटली, डबा सुटला, तर ब्रेक आपोआप लागावेत. आज मालगाडी निघण्याआधी किती टक्के वाघिणींचे ब्रेक चालू आहेत याचा दाखला करावा लागतो, त्यावर ड्रायव्हर आणि गार्डाची सही लागते. बोरघाटात आणि थळघाटात सदतीसास एकच्या चढाला मागून जादा इंजिनं लावतात, आणि उताराला वेगाचं कडक बंधन असतं. रेल्वेच्या सदतीसास एकला आपण घाट म्हणतो. आपल्या डबल ट्रॉल्या वीसास एक आणि पंधरास एकवरून उतरतात, मागं एकही ब्रेक नसताना.

पिकअपबद्दलही लोक विचारतात, कारण आता गावोगावी पिकअप आले आहेत आणि मागं जनरेटर, पाण्याची टाकी, एखादं यंत्र अडकवण्याची पद्धत पडू लागली आहे. अमेरिकेत पिकअपमागं ट्रेलर लावणं हे रोजचं काम. तिथंही कंपन्या बरीच वर्षं आपापल्या हिशेबानं मोठमोठे आकडे सांगत. मग जे२८०७ नावाचं समान मानक आलं आणि २०११ च्या मॉडेलांपासून टोयोटानं ते आधी स्वीकारलं. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची: अठरा किलोमीटरचा चढ, अडतीस अंशांच्या वरचं ऊन, एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी चौसष्ट किलोमीटरच्या खाली येता कामा नये. त्याच मानकात ब्रेक आणि ट्रेलर डोलण्याच्याही कसोट्या आहेत. हिशेबाची रीत साधी आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून कंपनीनं समजा पाच टन मंजूर केले आहेत. पिकअप स्वतः १.७ टन, माणसं आणि हौद्यातला माल १.३ टन. उरले दोन टन. त्यात ट्रेलरचं रिकामं वजन अर्धा टन धरलं तर ट्रेलरात माल दीड टनच. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा, नाहीतर ट्रेलर मागं डोलायला लागतो. आणि तो भार पिकअपच्या हौद्यातल्या मालात मोजायचा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपच्या कागदांत मिळून मंजूर वजन दिलेलंच नसतं. तिथं गणित मांडायला जागा नाही: अशा पिकअपमागं ट्रेलर जोडू नये.

आता कायदा. तो पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयाचा एमएच-४४ हेडवर दिसतो, ट्रॉलीवर मात्र अनेकदा कोराच पत्रा. पासिंग झालेल्या ट्रॉलीच्या आरसी बुकात भरलेलं वजन किती असावं हे लिहिलेलं असतं. कलम ११३ म्हणतं, त्यापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवायची नाही. याच कलमात असंही आहे की ड्रायव्हर मालक नसेल तर जादा भरणं मालकाच्या माहितीनं झालं असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दहा टन जास्त असतील तर चाळीस हजार, जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. माल कडेनं, मागं किंवा वर ठरल्यापेक्षा बाहेर आला असेल तर त्याचे वेगळे वीस हजार. आणि हे कलम फक्त चालवणाऱ्याला लागत नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागतं. उसाच्या वाहतुकीत हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण इथं चालवू देणारे पुष्कळ असतात.

एवढा कायदा असून गाड्या जादा का भरल्या जातात, याचं उत्तर पैशाच्या वाटपात आहे. तोडीचे पैसे टनावर. वाहतुकीचे पैसे टन आणि अंतरावर. मुकादमाचं कमिशनही टनावर. हेडचे हप्ते मात्र महिन्याचे किंवा सहामाहीचे, आणि टोळीला दिलेली उचल हंगामात फिटायला हवी. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागायला कधी कधी अख्खा दिवस जातो. दिवसाला एकच खेप होणार असेल तर ती जास्तीत जास्त भरून न्यायची, यात कोणाचाही विचार चुकलेला नाही, प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच आहे. म्हणून ड्रायव्हरला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. टनावरचे पैसे जिथं आहेत तिथंच मर्यादा घालावी लागेल.

आणि त्या ट्रॉलीवर माणसं असतात. जाता-येता संसार घेऊन, खेपेला उसावर बसून. विम्याच्या दृष्टीनं ही माणसं बहुतेक वेळा कोणीच नसतात. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिजमोहन या खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच ट्रॉलीवर बसलेला मजूर होता, वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॅक्टरचा. विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही असं न्यायालयानं म्हटलं, आणि तरीही आपला विशेष अधिकार वापरून कंपनीनं आधी भरपाई द्यावी व मालकाकडून वसूल करावी असा आदेश दिला. अशी दया प्रत्येक खटल्यात मिळेल असं धरून चालता येत नाही. उसाच्या भरीवर बसलेला माणूस गाडी कलंडली तर उसाखाली जातो; भर जितकी उंच तितकी गाडी कलंडायला सोपी. टोळीची ने-आण ट्रॉलीऐवजी बसनं व्हायला हवी, हे मी या लेखातल्या कोणत्याही आकड्याइतकंच ठामपणे म्हणतो.

उसापलीकडंही ट्रॉली वर्षभर चालते, आणि तिथं फसवणूक होते ती आकारमानानं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच अशी ट्रॉली म्हणजे एकशेवीस घनफूट. ती सोयाबीननं काठोकाठ भरली तर अडीच टन. तीच ओल्या वाळूनं किंवा दगडी चुऱ्यानं भरली तर साडेपाच टन. ट्रॉली तीच, भरलेली दिसते तीही सारखीच, पण ब्रेकला दुप्पट काम. पाच हजार लिटरचा पाण्याचा टँकर म्हणजे पाच टन पाणी आणि वर टाकीचं वजन, तेही ब्रेकशिवाय. अर्धा भरलेला टँकर वजनानं हलका असतो, पण ब्रेक लावला की आतलं पाणी पुढं धावतं आणि हेडला ढुशी देतं. वळणावर एका अंगाला चढतं. टाकीत आडवे पडदे असतील तर हा हिसका कमी होतो. दुष्काळात बीड जिल्ह्यात टँकर किती फिरतात हे सांगायला नको. भरताना एकतर पूर्ण भरावा, नाहीतर रिकामा न्यावा, एवढं ड्रायव्हरांना सांगायला हरकत नाही.

परत उसाकडं येतो, कारण उपाय तिथंच हाताशी आहे. वाळूची, मुरमाची, सोयाबीनची ट्रॉली किती वजनाची आहे हे रस्त्यावर कोणालाच ठाऊक नसतं. उसाची प्रत्येक गाडी मात्र कारखान्याच्या काट्यावर दोनदा चढते, भरलेली आणि रिकामी. भरती वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, गाडी नंबर, तारीख, वेळ, सगळं पावतीवर छापून येतं. शेतकऱ्याचं बिल, टोळीची मजुरी, वाहतूकदाराचा पंधरवड्याचा हिशेब यावरच होतो, म्हणून त्या आकड्यावर सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. काटा मारला की आंदोलनं होतात. त्याच पावतीवर एक रकाना जास्तीचा हवा: या गाडीचं पासिंगचं वजन. करार करताना कारखाना आरसी बुकाची प्रत घेतोच, आकडा संगणकात एकदा भरायचा. त्या वजनापुढं भरलेल्या उसाला तोडीची मजुरी आणि उसाचा दर पूर्ण द्यावा, शेतकऱ्याचं आणि टोळीचं एक रुपयाचंही नुकसान होऊ नये, पण जादा वजनाचं वाहतूक भाडं देऊ नये. वाहतूकदाराला जादा भरण्यात फायदाच राहिला नाही तर भर आपोआप खाली येते. त्याच्या खेपा वाढतील, म्हणून वाहतुकीचा दर वाढवून द्यावा लागेल आणि गाडीतळावरचा खोळंबा कमी करावा लागेल. हा खर्च आहे, आणि तो कारखान्यांनी सोसायला हवा.

दुसरं काम ट्रॉलीच्या ब्रेकचं. हेडच्या हायड्रॉलिकवर चालणारे किंवा हवेचे ब्रेक बसवता येतात, तंत्र जुनं आणि सिद्ध झालेलं आहे. हंगामाआधी वाहतूकदारांना कारखाने आणि बँका जी रक्कम देतात तिच्यात ब्रेकची अट घातली तर दोन-तीन हंगामांत बऱ्याच ट्रॉल्या बदलतील. तोवर घाटाच्या उताराला दोन्ही ट्रॉल्या एकदम उतरवू नयेत. एक वर सोडून, चाकांना दगड लावून, एक खाली न्यावी आणि परत यावं. वेळ जातो, पण आज चढाला दुसरं हेड लावण्यासाठी लोक थांबतातच, तसं उतारासाठीही थांबता येईल. हुकाच्या पिनेला कॉटर आणि दांडीला जाड साखळी असावी, म्हणजे पिन निसटली तरी मागची ट्रॉली मोकाट सुटणार नाही. मागं लाल परावर्तक पट्ट्या असाव्यात, कारण ताशी सात किलोमीटरनं चढणारी अंधारातली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीला दिसतच नाही.

तोडीला बाहेर जाणाऱ्या हेडमालकांनी एवढं तरी करावं. निघण्याआधी हेड आणि दोन्ही रिकाम्या ट्रॉल्या जवळच्या वजनकाट्यावर एकेक करून तोलून घ्याव्यात, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर तीन आकडे रंगानं लिहावेत: हेडचं वजन, ट्रॉलीचं वजन, आणि पासिंगप्रमाणे भरायचे टन. फडात गाडी भरत असताना ड्रायव्हर, मुकादम आणि टोळी, तिघांनाही ते दिसतील. मोळ्यांचा अंदाज टोळीइतका कोणाला येत नाही. गेल्या खेपेच्या काटा-पावतीशी ताडून किती थर झाले की थांबायचं हे टोळीला दोन दिवसांत कळतं.